कथानक आणि कथाकथन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत महाविद्यालयीन कथास्पर्धेसाठी पहिल्यांदाच लिहायला बसलेले आहेत, तसेच जत्रेतल्या नाटकाची संहिता दरवर्षी स्वतः रचणारेही आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

बहुतेक उत्तरांत एकच कल्पित गोष्ट उदाहरण म्हणून वापरली आहे. चोडण बेटावर एक जुने घर आहे. वडील वारले आहेत. धाकटा भाऊ दत्ता घरात राहतो आणि कर्जापायी त्याला ते विकायचे आहे. थोरली बहीण सुलभा मडगावला असते; एका भांडणानंतर बारा वर्षे ती माहेरी आलेली नाही. वडिलोपार्जित घरात तिचा वाटा आहे, त्यामुळे तिच्या सहीशिवाय विक्री होऊ शकत नाही. दत्ता तिला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बोलावतो.

१. गोष्ट आणि कथानक यांत नेमका फरक काय? आम्ही तर दोन्ही एकच समजतो.

बोलताना एकच समजले तरी बिघडत नाही. लिहायला बसल्यावर मात्र फरक उपयोगी पडतो. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने सांगितल्या की गोष्ट होते. त्यांतल्या कोणत्या घ्यायच्या, कोणत्या गाळायच्या, कोणती आधी सांगायची आणि एकीतून दुसरी कशी निघते हे ठरले की कथानक उभे राहते. "दत्ताने फोन केला, मग चवथ आली, मग सुलभा आली, मग सही झाली" यात चार घटना आहेत, पण त्या एकमेकींच्या शेजारी नुसत्या बसल्या आहेत. आता हे पाहा : दत्ताने फोन केला, पण पैशांचा विषय काढायचा धीर त्याला झाला नाही, म्हणून तो "चवथीला ये" एवढेच बोलला, भावाने मनापासून बोलावले असे वाटले, म्हणून सुलभा आली, आणि आरती झाल्यावर देवघरातल्या फडताळात तिला विक्रीखताचा मसुदा सापडला. घटना जवळपास त्याच आहेत, परंतु आता प्रत्येक घटनेला आधीची घटना जबाबदार आहे. आपल्या लेखनातल्या दोन प्रसंगांमध्ये "आणि मग" बसते की "म्हणून" किंवा "पण" बसते, हे वाचून पाहावे. "आणि मग" सलग तीन-चारदा आले, तर तेथे कथानक थांबले आहे असे समजावे.

२. कथानकाला कमीत कमी काय लागते?

ज्याला काहीतरी हवे आहे असे एक माणूस, ते मिळू न देणारी एखादी गोष्ट, आणि त्या अडचणीत त्या माणसाने स्वतः घेतलेला एक निर्णय. पहिल्या दोन बाबी बहुतेक लेखकांकडे असतात, तिसरी राहून जाते. पात्रावर संकटे कोसळत राहतात, पाऊस येतो, नोकरी जाते, कोणी आजारी पडते आणि पात्र सोसत राहते. वाचकाला त्याची दया येते, पण पुढे काय होईल याची ओढ लागत नाही. सुलभेला मसुदा सापडतो हे संकट झाले. ती तो पुन्हा जागेवर ठेवते आणि जेवायच्या पंगतीत एक शब्दही बोलत नाही, येथून कथानक तिच्या हातात येते.

३. आरंभ, मध्य आणि अंत एवढे पुरे आहे का? काही जण पाच टप्पे सांगतात.

दोन्ही बरोबर आहे. आरंभ, मध्य, अंत ही मांडणी ॲरिस्टॉटलची. त्याने आरंभाची केलेली व्याख्या आजही कामाची आहे : ज्याच्या आधी काही असायलाच हवे असे नाही, पण ज्याच्यानंतर काहीतरी अपरिहार्यपणे येते, तो आरंभ.

पाच टप्प्यांच्या दोन परंपरा आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मुखात बीज पेरले जाते. प्रतिमुखात ते कधी दिसते, कधी झाकले जाते. गर्भात हाती येते आणि निसटते. विमर्शात मोठे विघ्न आडवे येऊन सगळ्याचा फेरविचार करावा लागतो. निर्वहणात पसरलेले धागे एकत्र येतात. आपल्या गोष्टीत दत्ताचा फोन हे मुख, माहेरच्या स्वागताने सुखावलेली सुलभा हे प्रतिमुख, मसुदा सापडल्यानंतरचे दोन दिवस हा गर्भ. विमर्शाला आपल्याकडे एक खास गोमंतकीय विघ्न तयार आहे, ते सातव्या उत्तरात पाहावे.

दुसरी परंपरा जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याची. त्याने १८६३ साली प्राचीन ग्रीक आणि शेक्सपिअरच्या नाटकांच्या आधारे पाच भागांचा त्रिकोण मांडला : प्रस्तावना, चढण, शिखर, उतरण, शेवट. शाळा-महाविद्यालयांत बहुधा हाच फळ्यावर काढला जातो. त्यात शिखर मधोमध आहे, कारण तो पाच अंकी नाटकांवरून काढलेला आहे. दोन-अडीच हजार शब्दांच्या कथेत शिखर मध्यावर आणले, तर उरलेला अर्धा भाग निरवानिरवीत जातो. कथेत शिखर शेवटाच्या जवळ असलेले बरे. नाट्यशास्त्राचे संधी या बाबतीत मला अधिक लवचिक वाटतात, कारण त्यांत चढ-उताराच्या उंचीपेक्षा बीजाचे काय झाले याकडे लक्ष आहे.

४. कथा सुरू कुठून करावी? माझी पहिली दोन पाने सगळ्यांना कंटाळवाणी वाटतात.

बहुधा त्या दोन पानांत ओळखी असतात : घर, गाव, घरातली माणसे, त्यांचे स्वभाव. ही सवय आपल्याला प्रयोगांतून लागली असावी. कीर्तनात पूर्वरंग असतो आणि मग आख्यान लागते. दशावतारातही आधी गणपती, सरस्वती आणि संकासुराचा भाग होतो आणि नंतर मुख्य आख्यानाला हात घातला जातो. तेथे त्याला कारण आहे. माणसे अजून येत असतात, मांडवात जागा धरत असतात, पोरांना गप्प करत असतात. कथेचा वाचक मात्र पहिल्या ओळीलाच आसनावर बसलेला असतो, त्याला जमवून घ्यायला वेळ द्यावा लागत नाही.

म्हणून रोजचा क्रम जेथे मोडतो, त्याच्या अगदी जवळून सुरुवात करावी. पहिल्या खर्ड्यात असे असते : "सुलभा मडगावला राहत होती. तिचे माहेर चोडणला होते. बारा वर्षांपूर्वी भावाशी तिचे भांडण झाले होते." त्याऐवजी असे करून पाहावे : "रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट चोडणला लागायच्या आतच मोटारसायकलवाल्यांनी गाड्या सुरू केल्या. सुलभेने पिशवीतला माटोळीसाठी आणलेला नारळाचा घोस दुसऱ्या हातात घेतला. फळी खाली पडली, सगळे उतरले, बोटीवरचा माणूस परत न्यायच्या गाड्यांना हात करू लागला, तरी ती कठड्यालाच उभी होती." (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळे बांधून टांगलेली चौकट.) भांडण, माहेर, बारा वर्षे यांतले काहीही सांगितलेले नाही, पण ही बाई उतरायला का कचरते हा प्रश्न वाचकाच्या मनात आला आहे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो वाचेल. राहिलेली माहिती कशी द्यावी यासाठी दहावा प्रश्न पाहावा.

५. माझ्या कथेत खलनायक नाही. मग संघर्ष कसा आणायचा?

खलनायक नसलेला संघर्ष अनेकदा जास्त टिकतो, कारण वाचकाला बाजू घेऊन मोकळे होता येत नाही. दत्ता लोभी दाखवला तर कथा दोन पानांत संपते. त्याने मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, हप्ते थकले आहेत आणि घराचे वासे वाळवीने पोखरले आहेत. सुलभेला घर नको, पैसेही नकोत. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोलीत चवथीचा गणपती बसतो ती खोली गेली तर गणपती कुठे बसवायचा, हा प्रश्न तिला सोडत नाही. गोव्यातल्या हिंदू घरात मूळ घरी सगळे भाऊबंद जमून एकत्र चवथ करण्याची रीत किती घट्ट आहे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोन्ही एकाच वेळी होणार नाही. कथेतला संघर्ष यापेक्षा मोठा असण्याची गरज नाही.

आरडाओरडा हा संघर्षाचा सर्वांत कमकुवत प्रकार आहे. माटोळीला फळे बांधताना बहीण भावाला सुतळी देते आणि दोघेही कागदाबद्दल बोलत नाहीत, हा प्रसंग चार पानांच्या भांडणापेक्षा जड असतो.

६. गोव्याची पार्श्वभूमी किती आणावी? परीक्षक म्हणतात, वातावरण कमी पडले.

समुद्र, माड आणि फेणी टाकून वातावरण येत नाही. त्याने फार तर पर्यटनखात्याची पुस्तिका तयार होते. स्थळाने कथेत काम केले पाहिजे. चोडण घेतले तर फेरीबोट घ्यावीच लागेल, आणि बोट आली की वाट पाहणे, शेवटची बोट चुकणे, ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्याबरोबर पंधरा मिनिटे एकाच फळीवर उभे राहणे, हे सगळे आपोआप येते.

याचे टोकाचे उदाहरण सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावाचे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला हा गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडतो आणि विस्थापित झालेली कुटुंबे आपल्या देवळाच्या जागी जमतात. अशा ठिकाणी कथा घडवली, तर माणसांना भेटायला वर्षातले मोजकेच आठवडे मिळतात आणि पाणी चढायच्या आत काय ते बोलून घ्यावे लागते. स्थळानेच कथानकाला मुदत घालून दिली. असे स्थळ हाती लागले तर वर्णनाची चिंता करू नये.

७. शेवटी गोष्टच आहे ना? मग कायदा, साल, नाणी यांचे तपशील खरे कशाला हवेत?

कल्पित पात्रे खऱ्या जगात उभी केली की त्या जगाचे नियम त्यांना लागू होतात, आणि तो नियम माहीत असलेला वाचक एका चुकीने कथेबाहेर फेकला जातो. आमच्याकडे येणाऱ्या कथांत पुढील चुका सर्वाधिक दिसतात.

पहिली चूक मृत्युपत्राची. संतापलेला बाप "तुला एक पै मिळणार नाही" म्हणतो आणि सगळी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून टाकतो. मुंबई-पुण्याच्या कथेत स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत हे चालून जाईल. गोव्यात चालणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या येथील वारसा कायद्यानुसार, मुले असताना माणसाला आपल्या हिश्श्यातल्या अर्ध्याच भागाची मर्जीप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो आणि काही ठरावीक गंभीर कारणांखेरीज त्यांना त्यातून वगळता येत नाही. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. म्हणजे बापाची धमकी अर्धी पोकळ आहे. हे त्याला ठाऊक असेल तर पात्र वेगळे होते, मुलाला ठाऊक असेल तर प्रसंग वेगळा होतो.

दुसरी चूक विक्रीच्या सह्यांची, आणि तिसऱ्या उत्तरात म्हटलेले विघ्न हेच. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घर-जमीन विकताना दोघांचीही सही लागते. सुलभा अखेर विक्रीला तयार होते. मग नोटरी विचारतो, "यजमान कुठे आहेत?" सुलभा सहा वर्षे नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही आणि माहेरी हे कोणालाच माहीत नाही. येथे कायद्याच्या एका कलमाने तिचे झाकून ठेवलेले आयुष्य भावासमोर उघडे केले. असा तपशील बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही. तो अचूक असला की कथानक स्वतःच पुरवतो.

तिसरी चूक काळाची. १९६० सालच्या पणजीच्या बाजारात पात्रे रुपये मोजतात. तेव्हा गोव्यात एश्कुदो हे चलन होते. १९८६ च्या गणेशचतुर्थीला एक जोडपे मांडवीचा पूल ओलांडून म्हापशाला जाते. तो पूल त्याच वर्षी ५ जुलैला कोसळला होता आणि माणसे पणजीहून बेतीला फेरीबोटीने जात होती. शोधून काढायला अर्धा तास लागतो.

८. हे खरेच आमच्या घरात घडले आहे, तरी वाचणारे म्हणतात पटत नाही. असे का?

खरे घडणे आणि पटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्यातल्या घटनेला कारण दाखवण्याची सक्ती नसते. कथेतल्या घटनेला असते. ॲरिस्टॉटलने तर असे म्हटले आहे की, न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटेल अशी अशक्य गोष्ट कवीने पत्करावी. आपल्या काकांनी एक दिवस अचानक घर सोडले हे खरे असेल. परंतु आपण त्यांना तीस वर्षे ओळखत होतो आणि वाचक त्यांना तीन पाने ओळखतो. त्या तीन पानांत त्यांच्या जाण्याची एखादी तरी खूण पेरावी लागेल.

याला जोडून एक सूचना. गोवा लहान आहे. गाव, वाडा, आडनाव आणि दुकान जसेच्या तसे ठेवले, तर कथा छापून येण्याआधी चर्चा जत्रेत पोहोचते. माणूस बदलावा, घटना हलवावी. असे करताना कथानकही बहुधा सुधारते, कारण "हे असेच घडले होते" या आग्रहातून लेखक सुटतो.

९. योगायोग वापरला तर चालतो का?

अडचण निर्माण करायला चालतो, अडचण सोडवायला चालत नाही. सुलभा आणि तिचा नवरा नेमके एकाच बोटीवर भेटले तर वाचक मान्य करील. पण सगळे कर्ज फेडणारी लॉटरी दत्ताला शेवटच्या परिच्छेदात लागली, तर तो पान मिटून ठेवील. योगायोग घ्यायचाच असेल तर एकच घ्यावा आणि शक्य तितका आधी घ्यावा.

१०. पूर्वी काय घडले ते कधी आणि कसे सांगावे?

वाचकाला ते जाणून घ्यायची गरज भासेल तेव्हा, त्याच्या क्षणभर आधी नको. लेखकाला सगळे माहीत असल्यामुळे ते लवकर सांगून टाकण्याची घाई त्याला होते. बारा वर्षांपूर्वीचे भांडण चौथ्या परिच्छेदात सविस्तर सांगितले, तर पुढच्या प्रत्येक प्रसंगातले अवघडलेपण फुकट जाते. दत्ताची बायको "ताई, यंदा तरी नेवऱ्या खाऊन जा" असे म्हणते आणि सुलभेचा हात ताटावर थांबतो. भांडण जेवणावरून उठण्याशी जोडलेले होते एवढे कळले, बाकी नंतर.

मागच्या काळात जाणारा स्वतंत्र प्रसंग लिहायचा असेल, तर आधी वर्तमानातला प्रसंग पुरेसा उभा करावा, म्हणजे वाचकाला परत यायला जागा राहते. आणि भूतकाळातून परत आल्यावर वर्तमानात काहीतरी बदललेले असावे. बदलले नसेल तर तो भाग काढून पाहावा. बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही.

११. "मी" म्हणून लिहावे की "तो/ती" म्हणून?

माहिती कोणाकडे आहे यावर हे ठरवावे. सुलभा "मी" म्हणून बोलली, तर मसुदा दत्ताने का लपवला हे तिला कळणार नाही, आणि तिच्या न कळण्यातच कथेची ताकद असेल तर हाच दृष्टिकोन योग्य. दत्ताच्या बाजूने लिहिले, तर मसुदा सापडल्यावर बहीण गप्प का हे त्याला कळत नाही. ती वेगळीच कथा होते, आणि मला ती जास्त आवडेल. दोघांच्याही मनात शिरायचे असेल तर तृतीयपुरुषी निवेदन घ्यावे, पण एकाच परिच्छेदात दोन डोक्यांत उड्या मारू नयेत.

नवख्या लेखकांची "मी" वरची भिस्त अनेकदा सोयीची असते, निवडीची नसते. पहिले पान दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिल्याशिवाय ठरवू नये. "मी" निवेदकाने वाचकापासून काही लपवावे का, याचे उत्तर तेराव्या प्रश्नात आहे.

१२. निवेदन मराठीत आणि संवाद कोकणीत लिहिले तर चालतील का?

चालतील, आणि गोव्यातल्या कथेत ते स्वाभाविकही असते, कारण अनेक घरांत बोलणे कोकणीत आणि लिहिणे-वाचणे मराठीत असा व्यवहार पूर्वापार आहे. अट एवढीच की, संवादाचे काम काय आहे ते लेखकाला माहीत असावे. सगळे संवाद कोकणीत घातले तर सोलापूरचा वाचक अडखळेल, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ सांगत बसलात तर चोडणचा वाचक वैतागेल.

एक मार्ग असा : रोजचे साधे बोलणे कोकणीत ठेवावे, ज्याचा अर्थ प्रसंगावरूनच लागतो. "येतलें मगे?" असे दारात उभे राहून कोणी विचारले, तर तळटीप लागत नाही. कथानकाला वळण देणारे वाक्य मात्र कोणत्याही वाचकाच्या हातून सुटणार नाही असे असावे. नोटरीसमोर आल्यावर दत्ता अचानक औपचारिक मराठीत बोलू लागला, तर भाषेच्या त्या बदलातूनच भावा-बहिणीतले अंतर दिसते; अशी संधी ज्या लेखकाकडे आहे त्याने ती वाया घालवू नये.

१३. शेवटी धक्का द्यायलाच हवा का? आणि तो फसवणूक कधी ठरतो?

द्यायलाच हवा असे मुळीच नाही. स्पर्धेच्या कथांत धक्क्याचा अतिरेक झाला आहे : निवेदक मेलेला निघतो, सगळे स्वप्न असते, नायिका मनोरुग्ण असते. परीक्षक तिसऱ्या परिच्छेदातच ओळखतात.

चांगल्या कलाटणीची जुनी कसोटी अशी की, परिस्थिती उलटणे आणि सत्य ओळखणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी व्हाव्यात. नोटरीच्या प्रश्नाने विक्री अडते आणि त्याच प्रश्नाने दत्ताला बहिणीचे खरे आयुष्य कळते, म्हणून तो प्रसंग उभा राहतो. नुसतीच विक्री अडली असती, समजा कागदावर शिक्का नव्हता म्हणून, तर ती केवळ दिरंगाई झाली असती.

फसवणूक कुठे होते? वाचकाला मागे जाऊन खुणा सापडत नसतील तेथे. सुलभा नवऱ्याचा विषय निघाला की बोलणे बदलते, फोन आला की अंगणात जाते, पिशवी एकटीचीच भरते. हे आधी लिहिलेले असेल तर कलाटणी प्रामाणिक आहे. "मी" निवेदकाबाबत नियम थोडा कडक आहे. त्याने एखादी गोष्ट न सांगणे क्षम्य आहे, पण ती टाळताना तो कचरतो आहे हे भाषेत दिसले पाहिजे. तो स्वतःशी विचार करत असताना, ज्या गोष्टीने तो रात्रभर जागा आहे तीच नेमकी त्याच्या विचारांत येत नाही, असे लेखकाने दाखवले तर वाचक ते माफ करत नाही.

१४. जत्रेतल्या नाटकाचे आख्यान सगळ्यांना तोंडपाठ असते. मग उत्कंठा कुठून येते?

हा प्रश्न दशावतारी नाटक करणाऱ्यांकडून येतो आणि तो वरवर वाटतो त्याहून खोल आहे. पुराणातल्या कथेत शेवटी कोण मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते, तरी माणसे पहाटेपर्यंत उठत नाहीत. कारण "काय होणार" ही उत्कंठेची एकच जात आहे. "कसे होणार" ही दुसरी. आणि पात्राला माहीत नाही पण आपल्याला माहीत आहे, यातून येणारी तिसरी. दशावतारात पारंपरिकरीत्या लेखी संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि संवाद नट जागीच रचतात. त्यामुळे तीच कथा आज कोणत्या युक्तिवादाने पुढे सरकेल, हे रंगमंचावरच्या दुसऱ्या नटालाही पूर्ण माहीत नसते.

लेखकाने यातून घ्यायचे ते एवढेच की, शेवट पहिल्या ओळीत सांगूनही कथा लिहिता येते. "ज्या चवथीला आमचे घर गेले, त्या चवथीला माटोळीत सर्वांत जास्त फळे होती" असे सुरू केले, तरी घर कसे आणि कोणाच्या हाताने गेले ते जाणून घ्यायला वाचक थांबतो.

१५. उपकथानके किती असावीत?

छोट्या कथेत बहुधा एकही नको. नाटकात किंवा कादंबरीत हवे असेल, तर नाट्यशास्त्राचा भेद उपयोगी पडतो : मुख्य कथेबरोबर दूरवर चालणारी ती पताका, थोडा वेळ येऊन काम करून जाणारी ती प्रकरी. रामकथेत सुग्रीवाचा वृत्तांत पताका आणि शबरीचा प्रकरी, असे उदाहरण नेहमी दिले जाते. दोन्ही मुख्य कार्याला हातभार लावतात, हे महत्त्वाचे. केवळ हशा पिकवण्यासाठी घातलेला गडी-मोलकरणीचा प्रवेश यांपैकी कशातच बसत नाही. जत्रेचे प्रेक्षक त्याला टाळ्या देतात हे मान्य आहे, पण तो का घातला हे मंडळीने स्वतःशी तरी लपवू नये.

१६. कथानकच नसलेल्या कथाही गाजतात. मग हे सगळे कशासाठी?

मराठीत नवकथेपासून अशा कथा भरपूर आहेत, ज्यांत बाहेर फारसे काही घडत नाही. मात्र नीट पाहिले तर त्यांतही काहीतरी बदलते : पात्राची समज, दोन माणसांमधले अंतर किंवा फक्त वाचकाचे त्या पात्राविषयीचे मत. सुलभा बोटीतून उतरतच नाही आणि त्याच बोटीने परत जाते, एवढीच कथा असू शकते. तेव्हा सगळा भार भाषेवर आणि निरीक्षणावर येतो आणि तो पेलणे सोपे नसते. "मला कथानकविरहित लिहायचे आहे" असे म्हणणाऱ्या दहा खर्ड्यांपैकी बहुतेकांत निर्णय टाळलेला असतो, कथानक नव्हे.

१७. शेवट उघडा ठेवला की "अपुरी वाटते" असे का म्हणतात?

घटना उघडी ठेवता येते, प्रश्न उघडा ठेवता येत नाही. घर विकले गेले की नाही हे न सांगता कथा संपू शकते. परंतु ही बहीण या भावाला माफ करू शकते का, हा प्रश्न कथेने उभा केला असेल, तर त्याकडे काहीतरी हालचाल झालेली दिसली पाहिजे. नोटरीकडून परतताना दत्ता बहिणीला विचारतो, "फोंड्याला जायचे का त्याच्याकडे सहीसाठी?" आणि ती म्हणते, "आधी जेवूया." पुढचे काही ठाऊक नाही, पण बारा वर्षांपूर्वी जेवणावरून उठलेल्या बाईने हे म्हटले आहे.

१८. दीड हजार शब्दांची मर्यादा आहे आणि माझी कथा चार हजारांवर गेली आहे. काय कापू?

वाक्ये कापत बसू नये, प्रसंग कापावेत. प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहावा आणि पहिल्या उत्तरातली "म्हणून-पण" ची चाचणी लावावी. जी ओळ काढली तरी पुढची ओळ तशीच उभी राहते, तो प्रसंग गेला. त्यानंतर एकच काम करणारी दोन पात्रे शोधावीत; दत्ताला समजावणारा मित्र आणि समजावणारी बायको असेल, तर मित्र जातो. मग काळ आवळावा : चवथीचे पाच दिवस दीडावर आणता येतात, कारण अनेक घरांत गणपती दीड दिवसाचाच असतो आणि विसर्जनाच्या आत निर्णय व्हायला हवा ही मुदत फुकट मिळते. इतके करून दोन-तीनशे शब्द वर राहिले, तर पहिला परिच्छेद काढून दुसऱ्यापासून वाचून पाहावे.